पिरान्हा खात नाही, पाणी सारखं गढूळ होतं: आधी तोंड बघा, मग वाढा

दर पंधरा-वीस दिवसांनी कुणीतरी मला फोटो पाठवतं. फोटो जवळजवळ ठरलेला. पातळ ताकासारखं पांढरट पाणी, तळाशी कोंबडीच्या कलेजीचा करडा पडलेला तुकडा, आणि मागच्या कोपऱ्यात तोंड लपवून उभा असलेला मासा. खाली मजकूर: "दादा, पिरान्हा चार दिवस झाले खात नाहीये. पाणी परवाच बदललं होतं. कुठलं औषध टाकू?"

कुठलंच टाकू नका. पाणी बदललं, फिल्टरचा स्पंज धुतला, निळं औषध ओतलं, दोन दिवस बरं वाटलं आणि मग पुन्हा तेच, असं महिन्यात दुसऱ्यांदा होत असेल तर आधी तुम्ही काय वाढताय ते तपासा. पिरान्हा म्हटलं की मांस, हे आपण मासा घरी आणण्याआधीच ठरवून टाकलेलं असतं. मासा मात्र आपापल्या आतड्यांप्रमाणे वागतो.

माझंही तेच झालं होतं. अकरा वर्षांपूर्वी डोंबिवलीच्या घरात दोन फुटी टाकी होती, दोन बाय एक बाय एक, म्हणजे जेमतेम छप्पन लिटर. रविवारच्या बाजारातून चार 'रेड बेली' आणले. विकणाऱ्याने पिशवीला गाठ मारता मारता सांगितलं, "चिकन टाका, हात घालू नका." झालं. दर शनिवारी संध्याकाळी इमारतीतली पोरं टाकीसमोर फतकल मारून बसायची, मी कलेजी सोडायचो आणि सगळे श्वास रोखून रक्तपाताची वाट बघायचे. मासे कलेजीला एकदा तोंड लावायचे आणि थुंकायचे. पोरं कंटाळून खाली क्रिकेट खेळायला. रविवारी पाणी पांढरं, सोमवारी मी बादल्या घेऊन बाथरूम ते हॉल. दोन मासे गेले. तिसऱ्या महिन्यात कोशिंबिरीची तयारी चालली असताना मुलीच्या हातून काकडीची एक चकती टाकीत पडली, आणि चार दिवसांचे उपाशी नरभक्षक त्या चकतीवर तुटून पडले.

तेव्हा पहिल्यांदा मी टॉर्च घेऊन त्यांचं तोंड पाहिलं. आत सरळ, चपटे, माणसासारखे दात. ते पिरान्हा नव्हतेच.

पहिली तपासणी: जबडा

आपल्याकडच्या दुकानांत 'पिरान्हा' म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा लाल पोटाचा पाकू असतो. शास्त्रीय नाव पियारॅक्टस ब्रॅकिपोमस. मासळी बाजारात तुम्ही त्याला रूपचंद म्हणून ओळखता. काही ठिकाणी तोच 'नदीचं पापलेट' म्हणूनही खपतो. मूळचा ॲमेझॉन आणि ओरिनोकोच्या खोऱ्यातला. २००३-०४ च्या सुमारास बांगलादेशमार्गे आपल्याकडे आला आणि मत्स्यशेतीत पसरला. शेतीतलं बोटभर बीज शोभेच्या माशांच्या बाजारात गेलं की त्याचं बारसं पुन्हा होतं. पाकूच्या पिल्लांचं पोट लाल असतं, अंगावर काळे ठिपके असतात आणि ती पिरान्हाच्या पिल्लांसारखीच दिसतात, त्यामुळे विकणाऱ्यालाही प्रत्येक वेळी माहीत असतंच असं नाही.

खरा लाल पोटाचा पिरान्हा म्हणजे पायगोसेंट्रस नॅटरेरी. योहान नॅटरर हा ऑस्ट्रियन निसर्ग-अभ्यासक १८१७ ते १८३५ ब्राझीलमध्ये नमुने गोळा करत फिरला, त्याच्या नावावरून प्राणिशास्त्रज्ञ रुडोल्फ क्नेरने १८५८ साली हे नाव ठेवलं. दोघे एकाच कुळातले, चुलतभाऊ म्हणा. पण एकाचा जबडा कापायला आहे आणि दुसऱ्याचा फोडायला, आणि ताटातला फरक तिथूनच सुरू होतो.

ओळखायचं असं. मासा काचेला समांतर उभा असताना बाजूने फोटो काढा आणि मोठा करून बघा. खालचा जबडा वरच्यापेक्षा पुढे आलेला, बुलडॉगसारखा, आणि कपाळ फुगीर असेल तर पिरान्हा. जबडा पुढे आलेला नसेल, चेहरा थोडा शेळपट वाटत असेल तर पाकू. पिरान्हाचे दात त्रिकोणी, धारदार, एका ओळीत असतात. तोंड मिटलेलं असताना ओठांमुळे ते फारसे दिसत नाहीत. म्हणून 'दात दिसत नाहीत, म्हणजे पाकू' असा निष्कर्ष काढू नका. पाकूचे दात दाढांसारखे बोथट. फोटोवरून नक्की होत नसेल तर चिमट्याने काकडीची जाड चकती पाण्यात धरा. पाकू ती चावून चिरडतो, कडा फाटकी होते. माझा मोठा झालेला पाकू भिजवलेला हरभरा फोडायचा तेव्हा काचेबाहेर 'कट्' असा आवाज यायचा. रात्री टीव्ही बंद असला तर स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायचा. पिरान्हा काकडीकडे बहुतेकदा ढुंकूनही बघत नाही, पण माशाच्या तुकड्यातून अर्धचंद्र कापून नेतो, कात्रीने कापल्यासारखा.

चिमटा दोघांसाठीही वापरा. फोडणारा जबडाही बोट फोडतो.

पाकू निघाला तर

मग तुमची निम्मी कटकट आजच मिटली. हा मासा जंगलात पुराच्या पाण्याबरोबर झाडांखाली जातो आणि पडलेली फळं, बिया खातो. काही झाडांच्या बिया दूरवर पोचवण्याचं काम हेच मासे करतात. त्याला रोज मांस देणं म्हणजे गायीला पेढे. माशांच्या तयार खाद्याचे तरंगणारे किंवा हळूहळू बुडणारे दाणे, ज्यात प्रथिनं तीस टक्क्यांच्या आसपास आहेत आणि वनस्पतीचा अंश बऱ्यापैकी आहे, हा रोजचा शिधा. त्यावर दुधी, काकडी, पालक, सोललेले उकडलेले मटार, केळ्याची किंवा पपईची फोड, भिजवलेले हरभरे. आठवड्यातून एकदा कोळंबी किंवा गांडूळ. मसाला, मीठ, तेल लागलेलं काहीही नाही. पोळीचा तुकडाही नाही. तो फुगतो, विरघळतो, आणि पुन्हा तुमचं ताक तयार.

पाकूच्या बाबतीत खरी अडचण आहाराची नसते. हा मासा ८८ सेंटिमीटरपर्यंत आणि २५ किलोपर्यंत वाढल्याची नोंद आहे. नीट खायला घातलंत तर वर्षा-दीड वर्षात तो चार फुटी टाकीला भारी होतो. मग लोक रात्री मोटारसायकलवर बादली ठेवून खाडीवर किंवा तलावावर जातात. कृपा करून हे करू नका. केरळात २०१८ च्या पुरानंतर चालकुडी नदीत ॲमेझॉनमधल्या अरापैमासारखे परदेशी मासे सापडले. टाकीतला किंवा तळ्यातला मासा नदीत गेला की तिथल्या माशांच्या ताटात हात घालतो. मोठी बंदिस्त टाकी असलेला माणूस शोधा, दुकानदार परत घेतो का विचारा. माझा शेवटचा पाकू एका ओळखीच्या माणसाच्या सिमेंटच्या हौदात गेला आणि तिथे अजून हरभरे फोडतोय.

खराच पिरान्हा असेल तर

माझा मावसभाऊ इंग्लंडमध्ये असतो. त्याच्याकडे सहा लाल पोटाचे पिरान्हा आहेत, साधारण सहा-सात इंची, मोठ्या टाकीत. आमचं त्यावरून दर रविवारी फोनवर भांडण व्हायचं, कारण पहिली दोन वर्षं तो त्यांना जिवंत गोल्डफिश घालत होता. "अरे, निसर्गात काय फ्रोझन पाकिटं मिळतात का?" हे त्याचं ठरलेलं वाक्य.

निसर्गात काय मिळतं ते बघू. रानातल्या लाल पोटाच्या पिरान्हाच्या पोटात माशांचे तुकडे सापडतात, तसेच दुसऱ्या माशांचे पर आणि खवले, किडे, कोळंबीसारखे प्राणी, गोगलगायी, शिवाय वनस्पती आणि बियाही. पिल्लं तर मुख्यतः बारीक कवचधारी जीव आणि किडे खातात. म्हणजे तो मिश्राहारी आहे, मांसाकडे जास्त झुकलेला. गायीचा सांगाडा दोन मिनिटांत साफ करणारी फौज ही प्रतिमा मुख्यतः अमेरिकेचा माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्टच्या १९१३-१४ च्या ब्राझील मोहिमेनंतर जगभर रूढ झाली. ती इतकी चिकटली की शंभर वर्षांनंतरही आपण शनिवारी कलेजी घेऊन टाकीसमोर बसतो.

भावाच्या टाकीत झालं असं. एक मासा काळवंडला. मग तिरका पोहायला लागला, दिवा लावला की एकदम झटके देऊन काचेवर आदळायचा. पाणी त्याने तीनदा तपासलं, माशाला विषारी असलेली द्रव्यं, म्हणजे अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. त्याने मीठ घातलं, तापमान वाढवलं, परजीवींचं औषध दिलं. काही नाही. गोल्डफिशमध्ये थायमिनेज नावाचं एक विकर (एन्झाइम) असतं. ते थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व मोडून टाकतं. महिनोन् महिने तेच खाणाऱ्या माशाला बी-१ ची कमतरता होते आणि तोल जाणं, झटके येणं, भूक मरणं ही त्याची लक्षणं आहेत. गोल्डफिश गोठवून दिले तरी उपयोग नाही, गोठवल्याने हे विकर मरत नाही. शिवाय स्वस्तातले जिवंत मासे येताना पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आणि नांगरकृमी (अंगात रुतून बसणारे परजीवी) घेऊन येतात, हा वेगळा आहेर. भावाने गोल्डफिश बंद केले, बी-१ घातलेले दाणे आणि दुसऱ्या जातीच्या माशांचे तुकडे सुरू केले. तो मासा तीन आठवड्यांत सरळ झाला. भाऊ मात्र अजून म्हणतो की ते तापमानामुळे झालं असेल.

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. गप्पी, स्वस्त गोल्डफिश किंवा कार्पची पिल्लं लोक 'जिवंत खाऊ' म्हणून टाकतात. कार्प आणि गोल्डफिश एकाच कुळातले, तेव्हा दोन्ही टाळा. अँकोव्ही कुळातल्या काही माशांतही हे विकर असतं आणि आपली मांदेली त्याच कुळातली, म्हणून मांदेली रोजची नको.

कोंबडी, कलेजी आणि ते पांढरं पाणी

इथे जरा थांबू, कारण बहुतेक फोटो इथूनच येतात.

दहा ग्रॅम कच्चं मांस घ्या. त्यात साधारण दोन ग्रॅम प्रथिनं. प्रथिनांत सुमारे १६ टक्के नायट्रोजन, म्हणजे ३२० मिलिग्रॅम. माशाने खाल्लं तर यातला बराचसा भाग त्याच्या कल्ल्यांतून अमोनिया होऊन पाण्यात येतो. नाही खाल्लं तर जिवाणू तेच काम करतात, फक्त पाण्यातला ऑक्सिजन जास्त खातात. माझ्या छप्पन लिटरच्या टाकीत पूर्ण तुकडा कुजला तर लिटरला साडेपाच मिलिग्रॅमहून जास्त. पाणी तपासायच्या किटवर अमोनिया अर्धा मिलिग्रॅम दाखवला तरी आपण घाबरतो, आणि मी दर शनिवारी दहा नव्हे, चाळीस-पन्नास ग्रॅम कलेजी टाकत होतो. एकट्या दहा ग्रॅमचा हिशेब त्या वेळी केला असता तर दोन मासे वाचले असते.

ते पांढरं पाणी म्हणजे जिवाणूंचा ढग. पाणी सगळं बदललंत आणि स्पंज नळाच्या क्लोरीनच्या पाण्याखाली खसाखसा धुतलात की अमोनिया पचवणारे उपयोगी जिवाणूही गेले. पुढच्या शनिवारी तोच तुकडा, आता पचवायला कुणी नाही. म्हणून त्रास दर वेळी आधीपेक्षा लवकर परत येतो. स्पंज टाकीतून काढलेल्या जुन्या पाण्यातच पिळा. पाणी एका वेळी पाव ते तिसरा हिस्साच बदला, तेही अँटीक्लोरीन घालून. तुमच्याकडे बोअरचं पाणी असेल आणि पीएच आठच्या आसपास असेल तर जास्त जपा, कारण पीएच आणि तापमान वाढलं की तेवढाच अमोनिया जास्त विषारी होतो.

आता कोणी म्हणेल, प्रथिनं तर कोळंबीतही तेवढीच आहेत. आहेतच. उरलेली कोळंबीही पाणी नासवते. कोंबडी आणि मटणाचा वेगळा दोष चरबीचा आहे. जमिनीवरच्या उष्ण रक्ताच्या प्राण्यांची चरबी सव्वीस-सत्तावीस अंशांच्या पाण्यात घट्ट राहते, माशाला ती नीट वापरता येत नाही आणि यकृताभोवती साचत जाते. कलेजी तर पाण्यात टाकल्या टाकल्या विरघळायला लागते. पृष्ठभागावर तेलकट, इंद्रधनुषी तवंग दिसला की समजा तुम्ही चुकीचं वाढताय. एखाद्या वेळी कोंबडीच्या छातीचा स्वच्छ, बिनचरबीचा बोटभर तुकडा दिला म्हणून आभाळ कोसळत नाही. कलेजी, कातडी, पेटा, मटणाचा खिमा मात्र माझ्या टाकीत नाही.

बाजारात काय मागायचं

पिरान्हासाठी मला सगळ्यात सोयीचं वाटलेलं म्हणजे चिलापी, म्हणजे तिलापिया, आणि छोटी कोळंबी. चिलापीत चरबी कमी, थायमिनेजची भानगड नाही, वर्षभर मिळते. मुडदुशी मिळाली तर तीही चांगली, पण एवढ्या भावाची मुडदुशी माशाला घालायला घरात बहुमत लागतं. बांगडा चालतो, पण तेलकट. महिन्यातून एक-दोनदा, आणि त्या दिवशी तवंग काढायची तयारी ठेवून. सुके खारवलेले मासे अजिबात नकोत.

मासळी बाजारातल्या माझ्या नेहमीच्या मावशी पहिल्यांदा बुचकळ्यात पडल्या होत्या.

"शंभर ग्रॅम कोळंबी? मांजराला काय?"

"नाही मावशी, माशाला."

"माशाला मासा?" त्यांनी शेजारणीकडे बघून डोळे मिचकावले. मग मी सोललेली कोळंबी उचलायला लागलो तर हातावर फटका. "ती सकाळपास्नं पाण्यात पडलीय, तुझ्या माशाला दे म्हणून देऊ काय? ही घे, सालासकट."

त्या त्यांच्या धंद्याचं बोलत होत्या, पण माशाच्याही फायद्याचं बोलल्या. साल ठेवायचं. कवचातल्या रंगद्रव्यांनी पोटाचा लाल रंग टिकतो. मासा तो रंग स्वतः तयार करत नाही, खाण्यातूनच घेतो. डोकं आणि पाठीवरचा काळा धागा मात्र काढायचा, पाणी कमी नासतं. घरी आणून धुऊन, बोटाच्या पेराएवढे तुकडे करून, एका वेळचा एक अशी पाकिटं करून फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवायची. यामुळे बरेच परजीवी मरतात. देताना पूर्ण वितळवून, वितळलेलं पाणी सिंकमध्ये ओतून, फक्त तुकडा टाकीत. ते गुलाबी पाणी टाकीत ओतणारे लोक मी पाहिलेत.

गांडुळं उत्तम. बागेतली, जिथे औषध मारलेलं नाही तिथली, आणि दोन दिवस ओल्या कागदात ठेवून पोट रिकामं झालेली. गांडूळखताच्या प्रकल्पातली तांबडी गांडुळं मासे बऱ्याचदा थुंकतात. ती डिवचली की पिवळा उग्र वासाचा द्रव सोडतात. 'गांडूळही खात नाही' अशी तक्रार आली की माझा पहिला प्रश्न असतो, आणलं कुठून?

एक जोडउपाय घरी करता येतो. दोनशे ग्रॅम चिलापी, शंभर ग्रॅम सालासकट कोळंबी, पन्नास ग्रॅम उकडलेला पालक आणि मटार मिक्सरमधून काढा. पाच ग्रॅम चायना ग्रास कपभर पाण्यात उकळून विरघळवा, हाताला सोसवेल इतकं कोमट झालं की मिसळा. गरम ओतलंत तर जीवनसत्त्वं जातात. फार थांबलात तर भांड्यातच घट्ट होतं. झिप पिशवीत पातळ थर पसरून गोठवा, चॉकलेटच्या वडीसारखे तुकडे मोडून द्या. मिक्सर नंतर नीट धुवा. हे मी अनुभवाने सांगतोय, दुसऱ्या दिवशी नारळाची चटणी होती.

'दाणे खातच नाही'

खातो. वेळ लागतो. पिरान्हाचे बुडणारे दाणे, प्रथिनं चाळीस-पंचेचाळीस टक्के, हा रोजच्या आहाराचा कणा असावा असं माझं मत आहे; ताज्या माशाच्या तुकड्यांत जीवनसत्त्वांचा हिशेब कधीच पूर्ण बसत नाही. भावाच्या माशांना सव्वीस दिवस लागले. दोन दिवस काहीच नाही. तिसऱ्या दिवशी कोळंबीच्या तुकड्याला चीर देऊन आत एक दाणा खोचला. आठवडाभर असंच, मग एकाऐवजी दोन दाणे. दुसऱ्या आठवड्यापासून कोळंबी कुस्करून तिच्या रसात पंधरा मिनिटं भिजवलेले सुटे दाणे, मागोमाग छोटा तुकडा. क्रम उलटा केला की तुकडा खाऊन मासे निघून जातात. निरोगी मोठा मासा पाच-सहा दिवस रुसला तर रुसू द्या. इथे घरातली आजी सगळ्यात मोठा अडथळा असते. "उपाशी आहे गं बिचारा" म्हणत ती चौथ्या दिवशी कोळंबी सोडते, आणि मासा शिकतो की चार दिवस थांबलं की जेवण सुधारतं.

अगदी नवीन आणलेला मासा न खाणं वेगळं. त्याला आठवडा-दहा दिवस सोडा. दिवा मंद, समोर येऊन काच वाजवायची नाही, लपायला लाकूड किंवा आडोसा. ॲन मॅगुरन आणि हेल्डर केरोस या संशोधकांनी ॲमेझॉनमधल्या पिरान्हांवर केलेलं काम २००५ साली प्रसिद्ध झालं. त्यातून दिसलं की ते थव्याने राहतात ते शिकारीसाठी नव्हे, तर त्यांना खाणाऱ्यांपासून वाचण्यासाठी. म्हणजे तुमचा एकटा पिरान्हा उघड्या, झगझगीत टाकीत भेदरलेला असतो. भेदरलेला मासा जेवत नाही. रानात त्यांचं खाणं पहाटे आणि तिन्हीसांजेला जास्त, तेव्हा दिवे मालवायच्या अर्धा तास आधी वाढून बघा.

आणि थर्मामीटर बघा. पुण्यात, नाशिकला डिसेंबरात हीटर नसलेली टाकी विसाच्या आसपास येते आणि भूक आपोआप बंद होते. २५ ते २७ अंश ठेवा. मे महिन्यात उलटं, पाणी एकतीस-बत्तीसवर जातं, ऑक्सिजन कमी होतो. तेव्हा वाढायचं कमी आणि एअर पंप चोवीस तास.

किती, आणि शेपट्या का कुरतडल्या जातात

दोन इंचापेक्षा लहान पिल्लांना दिवसातून दोन-तीनदा थोडं थोडं. चार इंचापर्यंत रोज एकदा. सहा इंचाच्या पुढे दिवसाआड पुरतं. आठवड्यातून एक दिवस पूर्ण उपास, आपली चतुर्थी धरा. मध्यम कोळंबीचा अर्धा तुकडा एका मोठ्या माशाला एका वेळी बास. वरून बघितल्यावर पोट किंचित भरलेलं दिसावं, लिंबू गिळल्यासारखं नाही. दहा मिनिटांत जे उरलं ते जाळीने बाहेर.

पिल्लं एकमेकांच्या शेपट्यांचे चावे घेत असतील तर ते बहुतेकदा भुकेचं आणि गर्दीचं लक्षण आहे. औषध नको, वाढण्याच्या वेळा वाढवा, जागा वाढवा. पर काही आठवड्यांत परत येतात. पोट आत गेलेलं, डोक्यामागे खोलगट, आणि तरीही भरपूर खातोय, असं असेल तर मात्र आतल्या परजीवींची शक्यता धरा आणि माशांचं कळणाऱ्या पशुवैद्याला गाठा. ते आहाराने सुटत नाही.

गणपतीच्या दिवसांसाठी एक गोष्ट. सात दिवस कोकणात जाणार असाल तर मोठ्या माशांना काही खायला ठेवू नका. निघायच्या आदल्या दिवशी पाव हिस्सा पाणी बदला, हीटर आणि फिल्टरचे प्लग तपासा, बस. पिल्लं असतील आणि शेजारच्या काकांना सांगायचंच असेल तर दिवसाची एक अशा दाण्यांच्या सात पुड्या बांधा, प्रत्येकीवर वार लिहा, आणि दाण्यांचा डबा व फ्रीझरमधली कोळंबी दोन्ही त्यांच्या नजरेआड ठेवा. काका मायाळू असतील तर कपाटाला कुलूप लावून किल्ली सोबत न्या.